पडद्यावरची मोटर आणि टेबलावरची मोटर

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्युत्, यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स या शाखांच्या विद्यार्थ्यांना ‘कंट्रोल सिस्टिम’ नावाचा एक विषय असतो, आणि त्याला जोडून बहुधा एक प्रयोगशाळाही असते. विषय अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. प्रयोगशाळा मात्र सोपी समजली जाते. या विसंगतीचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. जो विषय वर्गात भल्याभल्यांना घाम फोडतो, तोच प्रयोगशाळेत दोन तासांत, मागील वर्षीच्या वहीतील आकडे शेजारी ठेवून निकालात निघत असेल, तर त्या दोन तासांत नेमके काय शिकले गेले, असा प्रश्न खरे तर प्रत्येक पालकाने आणि प्राध्यापकाने विचारावयास हवा होता.

अलीकडे या प्रश्नाला एक निराळे वळण मिळाले आहे. मोटर, टॅकोजनरेटर, ॲम्प्लिफायर आणि तारांची जुडगी यांनी भरलेली टेबले हळूहळू भिंतीकडे सरकली आणि त्यांच्या जागी संगणक आले. आता विद्यार्थी पडद्यावर चौकोन जोडतो, एका चौकोनाला मोटर असे नाव देतो, बटण दाबतो आणि गतीचा एक सुरेख वक्र पाहतो. हा बदल चांगला की वाईट, यावर शिक्षकांत दोन तट पडले आहेत. जुन्या वळणाचे शिक्षक म्हणतात की, ज्याने मोटरचा आवाज ऐकला नाही त्याला मोटर कळली नाही. नव्या वळणाचे शिक्षक उलट विचारतात की, वीस मुलांनी एका मोटरभोवती कोंडाळे करून त्यांपैकी अठरांनी नुसते पाहत उभे राहावयाचे, याला प्रयोग म्हणावयाचे काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण वादाचा निकाल लावण्यापूर्वी मुळात शिकवावयाचे काय आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

कराड-सांगलीच्या बाजूला ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला हा विषय समजावून देण्यास समीकरणाची गरज पडू नये. काहिलीत रस उकळत असतो. गुळव्या त्याचा रंग, फेस आणि दाटपणा पाहतो आणि चुलाणाच्या तोंडाशी बसलेल्या गड्याला जाळ वाढव किंवा कमी कर असे सांगतो. पाहणे, हवे ते आणि आहे ते यांतील अंतर मनाशी मापणे, आणि त्या अंतराच्या मानाने जाळ बदलणे, एवढ्या तीन क्रियांत नियंत्रणशास्त्राचे सारे मर्म आले. पण मुरलेल्या गुळव्याचे कौशल्य याच्याही पुढे जाते. चिपाडे घालणे थांबविले तरी चुलाणातील धग लगेच उतरत नाही, हे तो जाणतो. म्हणून पाक हव्या त्या अवस्थेला येण्यापूर्वीच तो जाळ ओढावयास सांगतो. नवशिका पाक झाल्यावर ओरडतो, आणि तोवर गूळ करपलेला असतो. उपाय आज करावयाचा आणि त्याचा परिणाम मात्र उशिरा दिसावयाचा, या एका गोष्टीतून या शास्त्रातील बहुतेक अडचणी जन्म घेतात.

इंग्रजीत या क्रियेला फीडबॅक म्हणतात. बी. एड. झालेल्या शिक्षकाला त्याचा मराठी प्रतिशब्द ठाऊक असतो, तो म्हणजे प्रत्याभरण. सूक्ष्म अध्यापनात छात्राध्यापकाने काही मिनिटांचा पाठ घ्यावयाचा, निरीक्षकाने त्यास प्रत्याभरण द्यावयाचे आणि त्याने तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यावयाचा, असा क्रम असतो. अभियांत्रिकीच्या वर्गात हा शब्द रुळलेला नाही. तेथे फीडबॅकच चालतो. शब्द कोणताही चालो, वस्तू एकच आहे.

मोटरच्या बाबतीत ही वस्तू कशी काम करते हे साध्या आकड्यांनी दाखविता येते. एकदिश प्रवाहाची २२० व्होल्टची एक मोटर घ्यावी. तिच्या आर्मेचरचा रोध १ ओहम आहे आणि १० अँपियर प्रवाह घेत असताना ती मिनिटाला १,५०० फेरे घेते असे समजावे. याचा अर्थ, रोधात १० व्होल्ट खर्ची पडले आणि उरलेल्या २१० व्होल्टइतका विरोधी दाब मोटरने फिरता फिरता स्वतःच निर्माण केला. हा विरोधी दाब गतीच्या प्रमाणात असतो. भार काढून घेतला आणि प्रवाह १ अँपियरवर आला, तर गती सुमारे १,५६४ फेऱ्यांवर जाते. भार वाढून प्रवाह २० अँपियर झाला, तर ती सुमारे १,४२९ वर उतरते. मोटर अडखळून थांबत नाही, याचे कारण तिच्या अंगीच एक प्रत्याभरण आहे : गती उतरली की विरोधी दाब उतरतो, प्रवाह वाढतो, जोर वाढतो. निसर्गाने दिलेली ही सोय मात्र अपुरी आहे, कारण १३५ फेऱ्यांची घट पुष्कळ यंत्रांना परवडत नाही.

येथे माणसाचे काम सुरू होते. गती मापणारा टॅको आसावर बसवावयाचा, त्याचा दाब हव्या असलेल्या गतीच्या दाबाशी ताडून पाहावयाचा आणि जो फरक निघेल त्याच्या पटीत मोटरला दाब द्यावयाचा. या संपूर्ण वर्तुळाचा गुणाकार ९ ठेवला, तर १३५ फेऱ्यांची घट एक-दशांश होऊन सुमारे १४ वर येते. तीही नको असेल, तर फरकाची खतावणी ठेवावी लागते. क्षणाक्षणाची तूट मांडून तिची बाकी पुढे ओढावयाची, आणि बाकी शून्य होईपर्यंत दाब वाढवीत राहावयाचे. कचेरीत थकबाकीचे रजिस्टर सांभाळणाऱ्या कारकुनास या क्रियेत काहीच नवल वाटणार नाही. गणितात तिला समाकलन म्हणतात. आणि गुळव्याप्रमाणे पुढचे ओळखून आधीच हात आवरणे, हे झाले अवकलन. प्रमाण, समाकलन आणि अवकलन या तिघांच्या मेळातून जो नियंत्रक होतो तोच कारखान्यांत सर्वत्र आढळणारा पीआयडी होय. निकोलस मिनॉर्स्कीने १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसंबंधी लिहिताना या त्रयीची मांडणी केली. जेम्स वॅटचे फिरते गोळे १७८८ चे, त्यांच्या हेलकाव्यांचे गणित मांडणारा मॅक्सवेलचा निबंध १८६८ चा, आणि हॅरोल्ड ब्लॅकला दूरध्वनीच्या ॲम्प्लिफायरसाठी ऋण प्रत्याभरणाची कल्पना सुचली ती १९२७ मध्ये. शास्त्र म्हणून ते विसाव्या शतकात बांधले गेले. कसब म्हणून ते फार जुने आहे.

या भागाचा आणि या शास्त्राचा संबंध पुस्तकी नाही. पाटण तालुक्यात अडविलेले कोयनेचे पाणी सह्याद्रीपलीकडे उतरते, तेथे प्रत्येक टर्बाइनवर गव्हर्नर बसविलेला असतो. राज्यात कोठे भार वाढला आणि जाळ्यातील वारंवारता ५० वरून किंचित उतरली, की तो पाण्याची दारे किंचित अधिक उघडतो. चौथ्या टप्प्यात २५० मेगावॉटचे ४ संच आहेत. एवढ्या मोठ्या वस्तुमानाला क्षणात सावरणारी युक्ती तत्त्वतः वॅटच्या गोळ्यांचीच आहे. गंमत अशी की, येथे थोडी घट मुद्दाम राहू दिलेली असते. प्रत्येक गव्हर्नर आपली थकबाकी पैन् पै वसूल करू लागला, तर एकाच जाळ्यातील संच एकमेकांशी भांडू लागतील. थोडी घट सोसली म्हणजे भार सर्वांत वाटला जातो. पाठ्यपुस्तकात दोष म्हणून शिकविलेली गोष्ट येथे गुण ठरते, आणि ही गोष्ट परीक्षेत मात्र क्वचितच विचारली जाते.

साखर कारखान्यांचा व्याप याहून विद्यार्थ्याच्या जवळचा आहे. अनेकांच्या घरचा ऊसच तेथे जातो. उसाचे तुकडे वाहून नेणाऱ्या केन कॅरिअरची गती एकसारखी ठेवून चालत नाही. पहिल्या गिरणीच्या तोंडावरील उभ्या शूटमध्ये माल किती उंच साचला हे मापून कॅरिअरची मोटर मंद किंवा जलद करावी लागते. शूट रिकामा पडला तर गिरणी कोरडी फिरते, तुंबला तर सारे थांबते. सेंट्रिफ्यूगल यंत्राची कथा आणखी नाट्यमय आहे. माल भरताना त्याची टोपली मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांनी फिरते, मळी वेगळी काढताना हजाराच्या वर जाते आणि साखर खरवडताना पन्नासच्या आसपास उतरते. काही मिनिटांचे हे चक्र रात्रंदिवस चालते. एवढे वजन प्रत्येक वेळी ब्रेक घासून थांबविण्याऐवजी मोटरलाच जनित्र बनवून ती ऊर्जा तारांत परत ढकलतात. १८९१ च्या सुमारास वॉर्ड लेनर्डने मोटरला स्वतंत्र जनित्र जोडून गती हाताळण्याची जी पद्धत काढली, तिची जागा पुढे थायरिस्टरने आणि नंतर वारंवारता बदलणाऱ्या ड्राइव्हने घेतली. गती मापून दुरुस्त करण्याचे वर्तुळ मात्र तसेच राहिले. चाळकेवाडी, वनकुसवडे आणि ढालगाव या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. आधुनिक पवनचक्कीत वाऱ्याच्या जोराप्रमाणे पात्यांचा कोन बदलणाऱ्या आणि तोंड वाऱ्याकडे वळविणाऱ्या मोटरी याच नियमाने चालतात. विट्याकडे जेथे नव्या धाटणीचे माग आले, तेथे ताण्याचा ताण मापून बीम सोडण्याचे काम सर्व्हो मोटरकडे आले आहे.

ऐन हंगामात, मध्यरात्री, असा एखादा ड्राइव्ह बंद पडला, तर काय होते हे या भागाला चांगले ठाऊक आहे. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढत जाते, तोडलेला ऊस वाळत राहतो, वजन घटते, उतारा घटतो. पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक लुकलुकत असतो आणि पाळीवरचा तरुण अभियंता, जो बहुधा याच जिल्ह्यातील पदवीधर असतो, पुण्याला फोन लावतो. पुण्याहून माणूस येईपर्यंत जे तास जातात त्यांची किंमत शेतकरी आणि कारखाना भरतात. अनेकदा दोष लहान असतो. टॅकोची एखादी तार सैल झालेली असते. पण तार सैल झाली की मोटर कशी वागते, हे त्या तरुणाने कधी पाहिलेलेच नसते.

तो कोठे शिकला? सांगलीचे महाविद्यालय १९४७ चे. ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ या नावाने सुरू झालेली ही संस्था पुढे वालचंद महाविद्यालय झाली. कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या वयाचे. त्याआधी, १९१० मध्येच, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकी केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर औंध संस्थानातील माळावर कारखाना उभा करून बसले होते, आणि कारखाना हीच शाळा असे वातावरण किर्लोस्करवाडीत होते. पुढे १९८३ मध्ये, सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. राजारामनगरचे आणि सातारचे महाविद्यालय त्याच वर्षीचे. या निर्णयाने खेड्यांतील हजारो मुलांना दार उघडले, ही गोष्ट कोणी नाकारू नये. पण इमारत एका उन्हाळ्यात उभी राहते, प्रयोगशाळा तशी उभी राहत नाही. जगभरच्या महाविद्यालयांत त्या काळी इंग्लंडच्या ‘फीडबॅक इन्स्ट्रुमेंट्स’ या कंपनीचे, सुटे भाग जोडून रचावयाचे सर्व्हो संच जात असत. परकीय चलनाच्या टंचाईत ते सर्वांना परवडणारे नव्हते. त्यांच्या देशी आवृत्त्या निघाल्या. एका पेटीत सारे बंद, वर चार खुंट्या आणि एक मीटर. खुंटी फिरवावी, आकडा लिहावा. पेटीच्या आत काय आहे ते विद्यार्थ्यास दिसू नये अशीच जणू तिची रचना होती. वही नकलण्याची प्रथा मुलांच्या आळसातून आली असे मानण्याची पद्धत आहे. ती काही अंशी या पेट्यांतूनही आली असली पाहिजे. जेथे दरवर्षी तेच आकडे यावयाचे, तेथे ते नव्याने घेण्यात अर्थ तो काय!

संगणक आला तो या पार्श्वभूमीवर, आणि म्हणून त्याचे स्वागत झाले ते योग्यच होते. क्लीव्ह मोलर यांच्या मॅटलॅबभोवती १९८४ मध्ये मॅथवर्क्स ही कंपनी स्थापन झाली, त्यानंतर आकृती जोडून यंत्रणा चालविण्याची सोय आली, आणि जी मूळ-पथाची आकृती हाताने काढण्यास अर्धा तास लागे ती क्षणात निघू लागली. गुणाकार वाढविला तर काय होईल, आर्मेचर दुप्पट जड केले तर काय होईल, हे शंभरदा करून पाहता येते. यंत्रणा अस्थिर होऊन हेलकावे वाढत गेले तरी काही जळत नाही, कोणाला इजा होत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला स्वतःची मोटर येते. मॅटलॅबच्या परवान्याची किंमत लहान महाविद्यालयांना जड जाते हे खरे, पण फ्रान्समधील इन्रिया या संस्थेत जन्मलेले सायलॅब फुकट मिळते. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने त्याचा देशभर प्रसार केला, आणि तेथल्याच स्पोकन ट्युटोरियल योजनेतून संगणकप्रणालींचे पाठ मराठीसह भारतीय भाषांत ऐकता येऊ लागले. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलासाठी ही लहान गोष्ट नव्हे. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीने प्रयोगशाळांना कुलपे लागली तेव्हा पडदा नसता, तर ती दोन वर्षे पूर्ण कोरडी गेली असती.

तरीही पडद्यावरच्या मोटरमध्ये काही गोष्टी नसतात, आणि ज्या नसतात त्याच नोकरीच्या पहिल्या वर्षी समोर उभ्या राहतात.

पहिली गोष्ट घर्षणाची. समीकरणातील मोटर एका व्होल्टवर सावकाश आणि अर्ध्या व्होल्टवर त्याच्या निम्म्याने फिरते. टेबलावरची मोटर अर्ध्या व्होल्टवर हलतच नाही. दाब वाढवीत जावे, ती हट्टाने उभी असते, आणि एकदम उसळी घेते. ठराविक कोनावर आस थांबविण्याचा प्रयोग करताना तो थोडा अलीकडे अडकतो. नियंत्रक तुटीची बाकी साठवीत राहतो. मग आस उडी मारून थोडा पलीकडे जातो आणि तेथे अडकतो. ही झोके घेण्याची खोड कितीही वेळ चालते. आकृतीत घर्षणाचा चौकोन जोडला तर पडद्यावरही ती दाखविता येते, पण जो चौकोन जोडावयाचा असतो हेच ठाऊक नाही तो विद्यार्थी तो जोडणार कसा?

दुसरी गोष्ट मर्यादेची. आसाला चिंधी गुंडाळून तो काही क्षण दाबून धरावा. मोटर लहान आणि प्रवाहावर मर्यादा असेल तर यात धोका नाही. गती शून्य, तूट पूर्ण, आणि नियंत्रक खतावणीत थकबाकी मांडतच राहतो. द्यावयाचा तेवढा दाब तो देऊन बसलेला आहे, त्याहून अधिक त्याच्याजवळ नाही, तरी बाकी फुगत जाते. मग आस सोडून द्यावा. मोटर हव्या त्या गतीवर थांबत नाही. ती पुढे धावत सुटते, कारण मधल्या काळातील सारी थकबाकी तिला फेडावयाची असते. या दोषावर उपाय साधा आहे. दाब कमाल झाला की मांडणे थांबवावे. ज्याने हाताखाली मोटर धावताना अनुभवली त्याला तो उपाय आपोआप सुचतो. ज्याने केवळ व्याख्या वाचली तो परीक्षेनंतर तो विसरतो.

तिसरी गोष्ट मापनाची. आजकाल टॅकोऐवजी आसावर छिद्रांची चकती लावून स्पंद मोजतात. एका फेऱ्यात १०० स्पंद मिळतात आणि संगणक दर सेकंदाच्या शंभराव्या भागात ते मोजतो असे धरले, तर एका स्पंदाचा अर्थ मिनिटाला ६० फेरे होतो. म्हणजे मोटर ९० फेऱ्यांनी शांतपणे फिरत असली, तरी नियंत्रकाला ती आळीपाळीने ६० आणि १२० फेऱ्यांनी फिरते असे वाटते. त्यात अवकलनाचा भाग घातला असेल तर तो या खोट्या उड्यांनाच खरे मानून मोटरला दचके देत राहतो. अधिक वेळ मोजावे तर आकडा सुधारतो, पण बातमी शिळी होते आणि गुळव्याची अडचण परत येते. अचूक आणि उशिरा, की अंदाजी आणि ताबडतोब? या निवडीला पुस्तकात एक ओळ असते. टेबलावर तिला अख्खी दुपार लागते आणि लागावी.

आणि शेवटी तार. टॅकोच्या दोन तारा उलट जोडल्या, तर ऋण प्रत्याभरण धन होते आणि मोटर धरवत नाही. एक तार निसटली, तर नियंत्रकाला गती शून्य दिसते आणि तो सर्व शक्तीनिशी दाब देतो. कारखान्यातील ड्राइव्हमध्ये टॅको नाहीसा झाला तर यंत्र बंद पाडणारा बंदोबस्त असतो तो याचसाठी, आणि मध्यरात्री लुकलुकणारा सांकेतिक क्रमांक अनेकदा त्याचाच असतो. पडद्यावरच्या आकृतीत तार ही एक रेघ असते. ती गंजत नाही, सैल होत नाही आणि उंदीर ती कुरतडत नाहीत.

तेव्हा प्रश्न दोहोंपैकी एक निवडण्याचा नसून क्रमाचा आहे. आज जेथे दोन्ही साधने आहेत तेथेही ती वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रयोगांसाठी वापरली जातात, आणि त्यामुळे त्यांची गाठ पडत नाही. विद्यार्थ्याने आधी मोटरचा रोध, विरोधी दाब आणि थांबण्यास लागणारा वेळ स्वतः मापावा, त्या आकड्यांवरून पडद्यावर वक्र काढावा, त्यावर तारीख घालून तो शिक्षकाकडे द्यावा, आणि मग टेबलावरची मोटर चालवून दुसरा वक्र घ्यावा. दोन वक्र जुळणार नाहीत. गुण द्यावयाचे ते न जुळण्याच्या कारणमीमांसेला. मागील वर्षीची वही येथे उपयोगाची नाही, कारण शेजारच्या टेबलावरच्या मोटरचे घर्षणही निराळे असते.

यासाठी लाखांचे परदेशी संच लागत नाहीत. इटलीतील इव्रिया येथे २००५ मध्ये जन्मलेला अर्डुइनो हा लहानसा फलक, चकती बसविलेली खेळण्याएवढी मोटर आणि तिला प्रवाह देणारा एक सर्किटचा तुकडा, एवढे साहित्य काही हजार रुपयांत येते. ते दोघांत एक देता येते. मुंबईच्या आयआयटीतच तापणारी पट्टी, पंखा आणि तापमापक यांचा एक छोटा संच तयार झाला होता आणि तो इंटरनेटवरून दूर बसूनही चालविता येत असे. म्हणजे पडदा आपला, पण त्यामागची वस्तू खरी. ई-यंत्र योजनेने अनेक महाविद्यालयांत फिरते रोबो पोचविले. साहित्याची सबब त्यामुळे पूर्वीइतकी खरी उरलेली नाही.

अडचण अन्यत्र आहे. जो प्रयोग दरवर्षी वेगळे उत्तर देतो तो तपासावयास शिक्षकाला वेळ लागतो. ज्या प्राध्यापकाला आठवड्यात तासांचा डोंगर, प्रवेशाची मोहीम आणि मूल्यांकन समित्यांच्या फायली सांभाळावयाच्या असतात, त्याने वीस निरनिराळ्या कारणमीमांसा वाचाव्यात ही अपेक्षा सोपी नाही. प्रयोगशाळेतील अनुभवी साहाय्यक निवृत्त झाला की ती जागा बहुधा रिकामीच राहते, आणि त्याच्याबरोबर कोणत्या मोटरचे ब्रश घासले आहेत हे ज्ञानही जाते. तोंडी परीक्षेस आलेला बाहेरचा परीक्षक वही नीटनेटकी आहे काय एवढे पाहून सही करतो. विद्यार्थ्याला त्याची चूक कळते ती निकालपत्रात, सहा महिन्यांनी, आणि तीही एका आकड्याच्या रूपाने. प्रत्याभरणाचा विषय शिकविणाऱ्या व्यवस्थेत प्रत्याभरणाला एवढा विलंब असावा, हे त्या विषयातील कोणत्याही गणिताने समर्थनीय ठरत नाही. बी. एड.च्या वर्गात पाठ संपताच निरीक्षक वही पुढे करतो. अभियांत्रिकीच्या शिक्षकाला तेवढी सवड आणि तेवढे प्रशिक्षण कोणी दिलेले नाही.

एक गोष्ट मात्र या दोन जिल्ह्यांत करता येण्यासारखी आहे आणि ती पुण्या-मुंबईला सहजी साधणारी नाही. गळीत हंगाम उन्हाळ्याच्या तोंडी संपतो आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा सुरू होतो. मधल्या महिन्यांत कारखान्यांत उकलाउकल चाललेली असते. सेंट्रिफ्यूगलच्या मोटरी उतरविलेल्या असतात, ड्राइव्हची कपाटे उघडी असतात, टॅको आणि चकत्या बाजूला काढून पुसल्या जात असतात. महाविद्यालयाचे पहिले सत्र नेमके याच महिन्यांत चालते. उघड्या कपाटासमोर दहा विद्यार्थ्यांची एक तुकडी दोन दिवस बसू शकते, तार कोठून येते आणि कोठे जाते हे बोटाने दाखवून घेऊ शकते, आणि भार नसलेल्या मोटरची गती पायरीपायरीने वाढविताना काढलेला आलेख घेऊन परत येऊ शकते. त्यासाठी कारखान्याच्या मुख्य अभियंत्याची परवानगी, विद्यार्थ्यांचा विमा आणि जाण्यायेण्याची एसटी एवढ्याच गोष्टी लागतात. तोच आलेख मग संगणकावर जुळवावयास द्यावा. हंगाम सुरू झाल्यावर, केन कॅरिअर भरून वाहत असताना, त्याच मोटरचा दुसरा आलेख कारखान्याकडून मागवावा. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला प्रयोग तोच असू शकेल.